त्रेसष्ट दिवसांची टकटक

स्वयंपाकघरातल्या नळाला उचकी लागली तेव्हा घरात दुसरा कुठलाच आवाज नव्हता. पाच वर्षांची जुई जेवून झोपली होती, पंखा बंद होता आणि वृंदा एका ओळीवर अडून बसली होती. तीन उचक्या, मग हवेचा फुसकारा, मग पाणी. ती चवड्यांवर धावली. बादलीच्या तळाशी फडकं टाकलं, म्हणजे धार वाजणार नाही आणि जुई उठणार नाही. त्या उन्हाळ्यात साताऱ्यात पाणी दिवसाआड यायचं, तेही भरदुपारी.

तीन बादल्या आणि पिंप भरून ती परत आली, तर पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी पट्टी उमटली होती. ‘खुर्ची रिकामी : ११ मिनिटे. कारण निवडा.’ खाली चार कारणं होती : चहा, प्रसाधन, वीज, दूरध्वनी. पाणी त्यात नव्हतं आणि मूलही नव्हतं. वृंदाने ‘प्रसाधन’ निवडलं. सकाळपासून हे तिसऱ्यांदा. कंपनीच्या दप्तरी वृंदा खोत या बाईंचं पोट गेलं वर्षभर बिघडलेलं होतं.

पिवळी पट्टी गेली आणि तिच्या जागी लाल पट्टी आली. ही तिने आधी कधी पाहिली नव्हती.

‘हस्तभेद आढळला. कर्मचारी : य. रा. तारळेकर. पडताळणी अधिकारी : वृंदा खोत. मुदत : तीन दिवस.’

तारळेकर काकांचं नाव तिने दोनदा वाचलं.

वृंदा ‘दप्तरवाणी’ नावाच्या कंपनीत होती. जुने मोडी कागद वाचून बाळबोध लिपीत टंकायचे, हे काम. सोपी पानं आता यंत्रंच वाचत. माणसांकडे यायची ती वाळवीने खाल्लेली, शाई पसरलेली, यंत्राने हात टेकलेली पानं. अशी पानं वाचणारी बारा माणसं साताऱ्यात होती आणि त्यातल्या नऊ जणांना मोडी तारळेकर काकांनी शिकवली होती. सरकारी अभिलेखागारातून निवृत्त झालेले, सहासष्ट वर्षांचे, चहा कोरा पिणारे. वृंदाला ते ‘खोतीण’ म्हणत. “खोतीण, शब्दावर झडप नको घालू. आधी अख्खी ओळ डोळ्यांनी चालून ये, मग बोट उचल,” हे त्यांचं पहिल्या दिवसाचं वाक्य. ते स्वतः तसंच करत. आधी मोठी शांतता, मग एका दमात सगळी ओळ.

वर्षापूर्वी सगळ्यांच्या संगणकांत ‘पारख’ नावाची देखरेखीची प्रणाली आली. सुरुवातीला ती फक्त वेळ मोजायची. काकांच्या शांततेला ती ‘निष्क्रिय’ म्हणायची, त्यावर सगळे हसायचे. मग हसणं कमी झालं. पूर्वी कोणाचा शब्द अडला की तो फोटो काढून ग्रुपवर टाकायचा आणि पाच मिनिटांत आठ जणांचे आठ तर्क यायचे, वर एखादा टोमणा. पारख आल्यावर दुसऱ्याच्या पानाकडे बघणं ‘लक्ष विचलित’ या खात्यात जाऊ लागलं. ग्रुपवर आता फक्त वाढदिवसाचे केक यायचे. अडलेला शब्द ज्याने त्याने आपापला अंदाजाने भरायचा.

या महिन्यापासून पारख हातही ओळखू लागली होती.

पुण्याहून निमिष देवस्थळीचा कॉल आला. वयाने वृंदापेक्षा लहान, पण तिचा साहेब.

“मॅम, लाल पट्टी बघितलीत ना? सोपं आहे. प्रत्येक माणूस कळ किती वेळ दाबून ठेवतो आणि एका कळीवरून दुसरीवर जायला किती वेळ घेतो, हे पारख मोजते. सेकंदाचा हजारावा भाग. पंधरा-वीस हजार कळा झाल्या की त्या माणसाची लय तयार होते. सही कशी असते, तशी. नक्कल करता येत नाही.”

“मग काकांचं काय?”

“त्यांच्या खात्यावर दोन लयी आहेत. सकाळी साडेनऊ ते बारा एक माणूस. बारानंतर दुसरा. तीन वाजता पुन्हा पहिला. रोज. सहा महिने. म्हणजे घरातलं कोणीतरी बसतंय, मॅम.”

“काका असं करणार नाहीत.”

“मीही तेच म्हणालो असतो. पण आकडे आहेत ना. तुम्ही त्यांना ओळखता, म्हणून पडताळणी तुमच्याकडे. ‘दुसरी व्यक्ती आहे’ किंवा ‘नाही’, एवढंच आणि खाली सही. आणि प्लीज, त्यांना आधी कळू द्यायचं नाही. तसा नियम आहे.”

“आणि ‘आहे’ म्हटलं तर?”

“खातं बंद. आणि सहा महिन्यांच्या पानांवरून वाचक म्हणून त्यांचं नाव निघेल. ती पानं परत वाचून घ्यावी लागतील.”

प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘वाचक’ लिहिलेलं असायचं आणि पुढे नाव. पगाराबद्दल काकांनी कधी तक्रार केली नव्हती. त्या ओळीत एकदा ‘तारळकर’ छापून आलं होतं, तेव्हा मात्र त्यांनी पुण्याला चार पत्रं लिहिली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता वृंदा जुईला घेऊन गोडोलीहून शाहूपुरीत गेली. सबब होती भिंगाची. काकांनी कधीतरी वापरायला दिलेलं पितळी भिंग परत करायचं होतं. एक वाजता खात्यावर ‘दुसरी व्यक्ती’ असते, हे तिने मनाशी मोजलं होतं, आणि मोजताना तिला स्वतःची थोडी शिसारीही आली होती.

जिन्यात पोहोचताच वरून टंकण्याचा आवाज आला. वृंदा थांबली. हा आवाज काकांचा नव्हता. तो लंगडत होता. एक कळ, मग खोळंबा, मग दोन झटपट, पुन्हा खोळंबा. नवशिका हात असावा तसा.

“टकटक आजोबा!” जुई म्हणाली.

“शू. ते आजोबा नाहीत.”

“आहेत.”

“जुई, दुसरं कोणीतरी आहे. गप्प चल.”

घंटी वाजताच आवाज थांबला. दार काकूंनी उघडलं. आतल्या खोलीतून आधी काकांची सून स्नेहल बाहेर आली, ओढणीला हात पुसत. तिच्यामागून काका आले, उजवा हात सदऱ्याच्या खिशात.

“अरे, खोतीण! आणि ही कोण ठमाबाई? किती उंच झालीस गं? काय खातेस, बांबू?”

जुई त्यांच्या पायाला बिलगली. “आजोबा, टकटक करा.”

“आज नको, राणी. आज बोटांना सुट्टी आहे.”

वृंदाने भिंग पुढे केलं. काकांनी ते डाव्या हाताने घेतलं. “परत कशाला आणलंस? काम सोडतेयस की काय?”

“नाही, सहज. माझ्याकडे नवीन आहे आता.”

“बरं,” काका म्हणाले. भिंग त्यांनी टीव्हीजवळ ठेवलं.

पंधरा मिनिटं सगळे बसले. पाण्याबद्दल बोलणं झालं, जुईच्या शाळेबद्दल झालं. काकूंनी कंदी पेढे पुढे केले. विचारायची वाक्यं वृंदाने येताना रिक्षात जुळवली होती, आणि ती जिभेवर आली की तिला दोन गोष्टी आठवत : नियम, आणि ओढणीला हात पुसणारी स्नेहल. काकाही तिच्याकडे एकदोनदा काही बोलायचं असल्यासारखे बघत होते. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

“जेवणाची सुट्टी संपेल. ती बया खुर्ची मोजत असते.”

घरी आल्यावर वृंदाने जुईला झोपवलं आणि अर्जावर ‘दुसरी व्यक्ती आहे’ यापुढे खूण केली. खाली सही केली. कारणाच्या चौकटीत लिहिलं : ‘प्रत्यक्ष भेटीत टंकनाचा आवाज कर्मचाऱ्याचा नसल्याचे आढळले.’ या सगळ्याला चार मिनिटं लागली. खुर्ची रिकामी नव्हती, म्हणून पट्टी आली नाही.

*

पत्र सकाळी गेलं असावं. अकराला काकांचा फोन आला.

“वृंदा.”

त्यांनी तिला कधी वृंदा म्हटलं नव्हतं.

“काका, मी...”

“पत्र वाचलं. खाली सही तुझी आहे. माझ्या नावाखाली दुसऱ्याचं बोट, असं त्यात आहे.” ते थांबले. ओळ वाचताना थांबायचे तसेच. “मी फक्त सही तुझीच ना, एवढं विचारायला फोन केला.”

“हो.”

“बरं.” फोन बंद झाला.

वृंदा पडद्याकडे वळली. मग पडताळणी अधिकारी म्हणून तिला जे दोन दिवसांपूर्वीच उघडता आलं असतं, ते तिने आता उघडलं : निष्कर्ष नाही, मूळ आकडे. एकेका कळीचे.

मराठी कळफलकावर मात्रा सगळ्या डाव्या हाताला असतात आणि व्यंजनं बहुतेक उजव्या. ‘काका’ टंकायचं तर उजवा, डावा, उजवा, डावा. दोन पायांनी चालल्यासारखं. वृंदाने सकाळचे आकडे एका बाजूला लावले, दुपारचे दुसऱ्या. आधी उजव्या हाताचे पाहिले. जमीन-अस्मानाचा फरक. सकाळचा ‘क’ सरळ, दुपारचा ‘क’ उशिरा पडलेला आणि गरजेपेक्षा जास्त दाबलेला. कोणीही म्हणालं असतं, दोन माणसं.

मग तिने मात्रा पाहिल्या. काना, वेलांटी, उकार.

सारख्या होत्या. पहिली वेलांटी दुसरीपेक्षा किंचित घाईत, उकारावर बोट जरा रेंगाळलेलं, सकाळीही आणि दुपारीही. दोन माणसं, आणि दोघांचा डावा हात एकच.

सदऱ्याच्या खिशातला उजवा हात तिला आठवला. डाव्या हाताने घेतलेलं भिंग आठवलं. आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिलं होतं, तेही.

तिने फोन लावला. काकूंनी उचलला, आणि वृंदाने नाव सांगताच त्यांचा आवाज पडला. “ते बोलणार नाहीत गं. मीही बोलू नये खरं म्हणजे.”

“काकू, एकच सांगा. काका गोळी किती वाजता घेतात?”

काकू अगदी हळू म्हणाल्या, “नऊला. आणि अडीचला. मधल्या वेळात असर उतरतो. दोन वर्षं झाली. पार्किन्सन आहे, उजव्या अंगात. कोणाला सांगायचं नाही म्हणतात. हात थरथरतो म्हटलं की लोक वाचनावर पण संशय घेतील म्हणतात. डोळे आणि डोकं माझं शाबूत आहे म्हणतात. स्नेहल दुपारी त्यांच्या खांद्याला तेल लावून देते तेवढंच.”

*

“मॅम, सॉरी, पण हे पुरत नाही,” निमिष म्हणाला. त्याच्यामागे कोणीतरी हसत होतं, तो कॅमेरा बंद करून बाजूला गेला. “डावा हात सारखा आहे, मान्य. पण एकाच गुरूकडे शिकलेल्यांचे हात थोडे जुळतात. तुमचाही त्यांच्याशी चाळीस टक्के जुळतो. आणि सही तुम्ही केलीय. ती मागे घ्यायची तर नवा पुरावा लागतो. आजारापूर्वीची त्यांची लय द्या. तिथून आजपर्यंत उतार दिसला, तर माणूस एकच.”

“ते तेव्हा ऑफिसात बसायचे. सामायिक संगणकावर.”

“तेच तर. तिथली नोंदच नाही. कळांची नोंद फक्त घरच्या संगणकांची आहे, तीन वर्षांपासूनची; पारखच्या आधीपासून टंकनाचं सॉफ्टवेअरच ती साठवतं. त्यांचा घरचा संगणक सहा महिन्यांचा.” त्याने आवाज खाली आणला. “मी वाईट माणूस नाहीये, मॅम. पण माझ्या स्क्रीनवरही एक पट्टी असते.”

आजारापूर्वीची काकांची लय कुठे होती, ते वृंदाला माहीत होतं. जगात एकाच जागी होती : तिच्या स्वतःच्या खात्यावर.

अडीच वर्षांपूर्वी जुई ओट्यावरून पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. वृंदाचा नवरा तेव्हा दूरच्या कारखान्यात होता, रविवारी यायचा. प्लास्टरमधल्या अडीच वर्षांच्या मुलीला दर तासाला कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं आणि चाळीस पानं टंकायची. चौथ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर काका आले, चपला काढल्या आणि तिच्या खुर्चीत बसले. “ऊठ. पोरीपाशी जा.” तिच्या नावाने, तिच्या खात्यावर, त्यांनी तिची उरलेली पानं संपवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. असे त्रेसष्ट दिवस. जुई बाजूच्या पलंगावर छताकडे बघत पडलेली असायची, आणि शांतता, मग ओळ, पुन्हा शांतता, मग ओळ, हे ऐकत झोपून जायची. टकटक आजोबा हे नाव तिथलं.

पारख हे शोधणार नव्हती. ती मागचे सहा महिनेच तपासत होती. त्यापलीकडचं कोणी मागितलं तरच उघडायचं. वृंदा बोलली नाही तर ते कधीच कोणाला कळणार नव्हतं. बोलली, तर तिच्या नावाखाली दुसऱ्याचं बोट होतं, हे खरंच होतं.

दुपारी जुई झोपल्यावर तिने अर्ज लिहायला घेतला. पहिलं वाक्य चारदा खोडलं. मध्ये एकदा उठून जुईच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, उगाचच. पट्टी आली : ‘खुर्ची रिकामी : २ मिनिटे.’ कारणांच्या खाली एक छोटा दुवा असायचा, ‘इतर’, ज्यावर टिचकी मारली की पर्यवेक्षकाला लेखी खुलासा द्यावा लागे, म्हणून त्याला कोणी हात लावत नसे. वृंदाने तो उघडला आणि लिहिलं : ‘मूल.’ मग अर्ज पूर्ण केला. त्रेसष्ट तारखा तिने जपून ठेवलेल्या जुन्या दिनदर्शिकेवरून उतरवल्या. प्लास्टरचा प्रत्येक दिवस तिने तेव्हा त्यावर फुलीने खोडला होता.

उत्तर पाच दिवसांनी आलं. एकाच पत्रात दोन परिच्छेद होते. पहिला : ‘य. रा. तारळेकर. तपासलेली लय नमुन्याशी जुळते. उजव्या हाताचा क्रमिक ऱ्हास. दुसरी व्यक्ती नाही.’ दुसरा : ‘वृंदा खोत. नमुन्याच्या काळात दुसरी व्यक्ती आहे. दिवस त्रेसष्ट.’

खाली तिच्या सहीसाठी जागा होती, कारण पडताळणी अधिकारी अजून तीच होती. तिने सही केली. गुरुवारी एक माणूस येऊन संगणक घेऊन गेला.

*

पुढच्या आठवड्यात चार वाजता दाराबाहेर चपला काढल्याचा आवाज आला.

काका आत आले, टेबलाकडे बघितलं. संगणकाच्या जागेवर धुळीने आखलेला चौकोन होता, तो वृंदाने अजून पुसला नव्हता. काका जुन्याच खुर्चीत बसले. उजवा हात आज खिशात नव्हता. मांडीवर होता आणि आपला आपण हलत होता.

“मला लेखनिक देणार म्हणतात,” ते म्हणाले. “मी मोठ्याने वाचायचं, त्याने टंकायचं.”

“म्हणजे दुसऱ्याचं बोट.”

“अधिकृत.” त्यांच्या मिशा किंचित हलल्या. “तुझी ती पानं बघितली. वाचकाच्या जागी आता कोणाचंच नाव नाही. नुसती रेघ आहे.”

“तुमचं घाला म्हणून मी लिहिलं होतं.”

“मीही लिहिलं. तुझं घाला म्हणून. दोन पत्रं गेलीत, आणखी दोन जातील.”

वृंदा चहा ठेवायला उठली, पण ओट्याशी न जाता तिथेच उभी राहिली. “काका, मी त्या दिवशी विचारायला हवं होतं.”

“हो,” काका म्हणाले. “हवं होतं.”

वृंदाने पातेल्यात पाणी घातलं.

जुई आतून धावत आली. तिच्या हातात स्टीलची ताटली होती. ती तिने काकांच्या पुढ्यात पालथी ठेवली, आणि तिथेच दोन्ही तळव्यांनी डोळे घट्ट झाकून घेतले. प्लास्टरच्या दिवसांतला हा खेळ होता : पलंगाच्या कडेवर आईने वाजवायचं किंवा आजोबांनी, आणि जुईने न बघता ओळखायचं.

काकांनी वृंदाकडे पाहिलं. गोळी घ्यायची आज राहिली होती. त्यांनी उजवा हात उचलून ताटलीवर ठेवला. एक बोट पडलं. खोळंबा. मग डाव्या हाताची दोन, झटपट. पुन्हा खोळंबा, आणि शेवटचं बोट उशिरा, जरुरीपेक्षा जास्त जोरात.

“टकटक आजोबा!” जुई ओरडली.

“कशावरून गं?” काकांनी विचारलं. “आता वेगळं वाजतं ना?”

“वेगळं वाजतं,” जुई म्हणाली. “पण तुम्हीच वाजवता.”

तिने डोळ्यांवरचे हात काढले आणि मान वळवून ओट्याकडे बघितलं. चहाचं पाणी उकळायला लागलं होतं आणि वृंदाने गॅस बारीक केला नव्हता.

“आई, मला तर जिन्यातच कळलं होतं. तुला का नाही कळलं?”